मदत हवी आहे: पानांवर टाचणीएवढे ठिपके, झाड स्वतःच पेशी मारतंय का?

मळेवाला: पावसानंतर द्राक्षबागेत डावणी आलीय, म्हणजे तेलकट डाग आणि पानाखाली पांढरी बुरशी आणणारा रोग. पण कडेच्या ४-५ झाडांवर तेलकट डाग नाहीत, नुसते बारीक तपकिरी ठिपके, पान उलटं केलं तरी पांढरी बुरशी नाही. पुतण्या म्हणतो रोग शिरला की तिथल्या पेशी झाड स्वतःच मारून टाकतं. हे फवारून सगळ्या बागेत करता येईल का? दुकानदार एक बाटली देतोय. उद्या सकाळीच मारायचंय, लवकर सांगा.

निफाडकर: व्हरायटी? छाटणीला किती दिवस? बाटलीत घटक काय?

मळेवाला: थॉमसन, २८ दिवस. घटक लिहिलेला नाही, फक्त 'प्रतिकारशक्ती वाढवते'.

आबा_पिंपळगाव: बोर्डो मारा. १८८५ पासून डावणीवर चालतंय, मोरचूद आणि चुना, बाकी सगळं पैसे खायचं काम.

निफाडकर: आबा, एवढ्या कोवळ्या फुटीवर बोर्डो? माझी पानं करपली होती.

ओझरचा_राजू: मी तर म्हणतो एआरआय-५१६ लावा, रोग कमी येतो.

निफाडकर: ती ज्यूसची जात, आणि बाग आत्ता उभी आहे त्याचं काय?

वनस्पतीताई: दादा, पुतण्या बरोबर बोलला. डावणी जिवंत पेशीतूनच खाते, शिरली त्या जागेच्या पेशी लगेच मेल्या की ती उपाशी राहते. पण थॉमसनला डावणी वेळेत ओळखताच येत नाही. ओळखणारे जीन अमेरिकन जंगली द्राक्षांत आहेत कारण डावणी मूळची तिकडचीच, युरोपात त्यातलं आरपीव्ही-३ संकरातून नव्या जातींत आणलंय. ती ४-५ झाडं नक्की थॉमसनच आहेत ना?

मळेवाला: नाही, तिथलं कलम फेल गेलं होतं, डॉगरिजची फूट वाढलीय. त्याने काय फरक पडतो?

वनस्पतीताई: सगळा फरक त्यानेच पडतो! डॉगरिज अमेरिकन रक्ताचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर थॉमसनचं कलम बांधतात तो. त्याची ठिपक्यांची पानं ओल्या कागदासोबत पिशवीत रात्रभर ठेवा, पांढरं आलं नाही तर बहुतेक झाड स्वतःच पेशी मारतंय. पण खुंटाचा हा गुण वरच्या थॉमसनच्या पानात उतरत नाही. आणि बाटलीने सरसकट पेशी मेल्या तर करड्या बुरशीला आयतं खायला, ती मेलेल्या पेशींवरच वाढते. उद्या डावणीचं लेबल असलेलंच बुरशीनाशक मारा, पानांच्या खालून बसेल असं.

आबा_पिंपळगाव: आणि फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या जादा फुटी, काढा आधी, दाटीत औषध आत जात नाही.

मळेवाला: बरं, बाटली परत करतो. पाऊस परत आला तर किती तासांत पुन्हा मारायचं?

निफाडकर: कुठलं औषध मारणार ते तर सांगा.