मदत हवी आहे : विभक्त राहण्याचा करार आणि नंतरचा पोटगी अर्ज

मी खानापूर तालुक्यातला. २०२१ मध्ये पत्नीने व मी नोटरीसमोर विभक्त राहण्याचा मराठी करारनामा केला; तिला ४ लाख रुपये धनादेशाने दिले आणि यापुढे पोटगी मागणार नाही, असे तिने लिहून दिले. घटस्फोटाचा हुकूमनामा मात्र झालेला नाही (ही चूक माझीच). आता बेळगावच्या न्यायालयात तिने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगीसाठी अर्ज केला आहे. मूल नाही, ती नोकरी करत नाही.

पोटगीचा हक्क करारातून सोडता येत नाही, असे वकील सांगतात. पण त्याच कलमाच्या पोटकलम ४ नुसार परस्पर संमतीने वेगळे राहणाऱ्या पत्नीला पोटगी मिळत नाही. बँकेचा उतारा काढला आहे. करारावर तिच्या वडिलांची साक्षीदार म्हणून सही आहे, परंतु पोटगीचे कलम असलेल्या दुसऱ्या पानावर तिची सही राहून गेली आहे. समेटाची बोलणी फिसकटली.

अशा स्थितीत पोटकलम ४ चा बचाव टिकतो का, निदान दिलेले ४ लाख रुपये रक्कम ठरवताना विचारात घेतले जातात का, आणि मराठी करारनाम्याचे कन्नड भाषांतर कोणाकडून प्रमाणित करून घ्यावे?