शाडूच्या घरगुती मूर्तीला तडे का जातात?

प्रश्न:
गेल्या वर्षी मुलांसोबत शाडूची गणेशमूर्ती घरीच घडवली, परंतु वाळताना सोंडेच्या मुळाशी केसाएवढा तडा गेला आणि दुसऱ्या दिवशी तो बोटभर लांबला. मुले फार हिरमुसली. यंदा कोणती काळजी घ्यावी?

उत्तर १:
मूर्ती उन्हात ठेवली असल्यास वरचा थर आधी आकसतो, आतली माती मात्र ओलीच राहते आणि त्या ताणाने तडा जातो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस वर ओलसर सुती कापड टाकून, नंतर सावलीतच सावकाश वाळू द्यावी. सोंड जोडताना दोन्ही बाजू खरवडून मातीचा पातळ लगदा लावावा; नुसत्या पाण्याने चिकटवलेला जोड टिकत नाही. मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून एवढे जपावेच.

उत्तर २:
रंगासाठी हळद आणि गेरू पुरेसे आहेत. विसर्जन बादलीत करावे. गाळ खाली बसला की पाणी झाडांना घालून माती सुकवून ठेवावी. आमच्या घरी तीच माती सलग चौथ्या वर्षी वापरात आहे.

उत्तर ३:
मुलांना मोदकांच्या कळ्या पाडायलाही अवश्य बसवावे. आंबेमोहोराची ताजी पिठी आणि तेवढेच पाणी घेऊन काढलेली उकड गरम असतानाच मळली, तर कळ्या फाटत नाहीत.