मदत हवी आहे: भरावाच्या प्लॉटवर पाया कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. नाशिकजवळ अडीच गुंठ्यांचा प्लॉट घेतलाय, तळमजला अधिक एक असं घर बांधायचंय. प्लॉट सपाट दिसला म्हणून खूश होतो. जेसीबीने चाचणीचा खड्डा घेतला तेव्हा कळलं, मागचा अर्धा भाग म्हणजे बुजवलेला नाला! वर फूटभर मुरूम, खाली आठेक फूट राडारोडा, विटांचे तुकडे, प्लास्टिक, मधूनच काळी माती. पुढच्या भागात मात्र चार फुटांवर कठीण मुरूम लागतो.

ठेकेदार म्हणतो, "पाणी मारून रोलर फिरवू, एक पावसाळा बसू द्या." पण रोलरचा दाब वरच्या फूटभरालाच पोचणार ना? शिवाय अर्धं घर मुरमावर, अर्धं भरावावर म्हणजे भिंतीला तडा ठरलेलाच.

माझ्यापुढे दोन मार्ग आहेत: सगळा भराव उपसून सहा-आठ इंचांच्या थरांनी मुरूम भरून दाबायचा, नाहीतर पाईल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) थेट कठीण थरापर्यंत न्यायचे. कोणी यातलं केलंय का? खर्चात कितपत फरक पडला? नाल्याचं पाणी पावसाळ्यात जुनी वाट शोधतंच, त्याचा निचरा कसा केलात? बोअर घेऊन मातीची तपासणी करणार आहेच, किती ठिकाणी घ्यावी तेही सांगा.