‘ययाति’त कच हवाच होता का?

उंबरठा: खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) ही महाभारतातल्या ययाति राजावरची कादंबरी पुन्हा वाचली. माझं म्हणणं असं, की संयमाचं तत्त्वज्ञान सांगायला कच (शुक्राचार्यांचा शिष्य) उभा केला आणि कादंबरीत तोच सगळ्यात निर्जीव झाला. ययातीच्या राणीला, देवयानीला लिहिलेली त्याची पत्रं म्हणजे पानंच्या पानं प्रवचन. उलट राजमातेच्या हुकमानं विष दिलेली दासीकन्या अलका ययातीच्या डोळ्यांदेखत मरते, आणि तरी हा गडी सुखामागे धावतच राहतो. नीती तिथे कळते, पत्रांत नाही.

जुनाबाजार: साफ नामंजूर. कच काढा, मग उरतं काय? एका टोकाला ययाति, दुसऱ्या टोकाला त्याचा संन्यासी भाऊ यति, जो जिभेला वठणीवर आणायला कडू फळं खातो. भोग आणि देहद्वेष दोन्ही माणसाला खातात, हे दाखवायचं तर मधला कुणीतरी लागणारच. प्रवचन आहे, कबूल. पण १९५९ च्या वाचकाला ते हवं होतं, आणि अजूनही खप आहे की!

उंबरठा: खपाचा मुद्दा कुठून आला? निवेदन कोणाला दिलंय ते बघा ना: ययाति, देवयानी आणि तिची दासी झालेली राजकन्या शर्मिष्ठा. तिघंही चुकणारी. कचाला ‘मी’ म्हणायची संधीच नाही.

पाटीपेन्सिल: नाहीच द्यायची. ज्याचा तोल गेलेलाच नाही, तो आतून काय सांगणार? माझी तक्रार वेगळी आहे. महाभारतातला ययाति मुलाचं, पुरूचं तारुण्य घेऊन हजार वर्षं भोगतो आणि मग स्वतःच म्हणतो, भोगानं काम शमत नाही. खांडेकरांनी ती हजार वर्षं गाळली. पश्चात्ताप लगेच, आणि सावरायला कचाचं तपोबळ हजर! अनुभवानं आलेलं शहाणपण उपदेशाच्या खात्यात जमा झालं.

जुनाबाजार: हजार वर्षांचा भोग कादंबरीत कसा दाखवणार, सांगा. आणि ज्ञानपीठ (१९७४) काय उगाच मिळालं?

पाटीपेन्सिल: पुरस्कार हा युक्तिवाद नव्हे. गिरीश कर्नाडांचं कानडी नाटक ‘ययाति’ (१९६१) वाचा. तिथे पुरूची बायको चित्रलेखा सासऱ्याला तोंडावर विचारते, की नवऱ्याचं तारुण्य तुम्ही घेतलंत, मग मलाही स्वीकारा. उत्तर मिळत नाही, ती जीव देते. तिला सावरायला कोणी कच येत नाही.

उंबरठा: हेच! किंमत कोण मोजतं, ते तिथे दिसतं.

जुनाबाजार: कर्नाडांचा पुरू हवा तर घ्या. शर्मिष्ठा मात्र खांडेकरांचीच, तिला हात लावू देणार नाही.