५० हजारात भावासाठी गेमिंग पीसी घ्यायचाय, हे कोटेशन बरोबर आहे का?

पंढरीची_लेक:
नमस्कार. धाकट्या भावाला यंदा इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. दहावीपासून तो कॉम्प्युटर मागतोय, तेव्हा घरी जमलं नाही, आता माझी भिशी लागलीये तर त्यातून मीच घेऊन देणार आहे. बजेट ५० हजार, त्याच्या वर खरंच जमणार नाही. मॉनिटर मामाने दिलाय, २२ इंची फुल एचडी, ६० हर्ट्झ. व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह हे गेम खेळणार आणि ऑटोकॅड (ड्रॉइंगचं), ब्लेंडर (थ्रीडीचं) ही सॉफ्टवेअर शिकायचीयत म्हणतो. आम्ही पंढरपूरला असतो. एका दुकानात विचारलं तर त्यांनी कागदावर लिहून दिलं, आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, लाइटवाला कॅबिनेट एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लायसकट, सगळं मिळून ३२ हजार. १८ हजार वाचतायत म्हणून मी ॲडव्हान्स द्यायला निघाले होते पण भाऊ म्हणाला ताई थांब, आधी कुणाला तरी विचार. घेऊ का?

घाटावरचा:
ताई, भावाचं ऐक आणि ॲडव्हान्स देऊ नको. दुकानात दोनच गोष्टी विचार, आय सेव्हन कितव्या जनरेशनचा आणि ग्राफिक्स कार्डाचं पूर्ण नाव काय. ते कळल्याशिवाय आय सेव्हन आणि ४ जीबी या शब्दांना काही अर्थ नाही.

पंढरीची_लेक:
विचारलं दादा. आय सेव्हन ४७७० म्हणाले, चौथी जनरेशन. कार्ड जीटी ७३०.

घाटावरचा:
वाटलंच होतं. ४७७० हा २०१३ चा प्रोसेसर आहे, चार कोर आठ थ्रेड (कोर म्हणजे आतले कामगार, थ्रेड म्हणजे ते एकावेळी किती कामं घेतात), रॅम पण त्याला जुनी डीडीआर३ लागते. आज आय थ्री १२१००एफ घेतला तर त्यालाही चार कोर आठ थ्रेडच आहेत आणि तो याच्या खूप पुढे पळतो, म्हणजे नावातला आय सेव्हन बघून पैसे द्यायचे नाहीत, जनरेशन बघायची. आणि मोठी अडचण पुढे आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्याच्या वरचा प्रोसेसर लागतो, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही बोर्डातली सुरक्षेची सोय लागते. ज्या गेमसाठी पीसी घेतोय त्यातच पुढे घोडं अडू शकतं.

कार्डाचं म्हणशील तर ४ जीबी म्हणजे गोदाम मोठं आहे एवढंच, माल उचलणारे हमाल किती ते त्यातून कळत नाही, आणि जीटी ७३० कडे हमाल फारच थोडे. व्हॅलोरंट सेटिंग कमी करून ओढेल कसंबसं, ब्लेंडरला काही उपयोग नाही.

मी तुझ्या जागी असतो तर ५० मधले २० ते २२ हजार आधी कार्डासाठी बाजूला काढले असते आणि उरलेल्यात बाकीचं बसवलं असतं. आरएक्स ६६०० बघ, ८ जीबीचं, फुल एचडीला आणि ६० हर्ट्झच्या मॉनिटरला भरपूर झालं. दुकानदार एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०५० पुढे करतील, ब्लेंडरच्या रेंडरिंगला एनव्हिडिया बरं पडतं हे खरं आहे, पण गेममध्ये ६६०० त्याच्या पुढे आहे, आणि ३०५० चं ६ जीबीवालं व्हर्जन तर नाव तेच ठेवून आतून कमी केलेलं आहे, ते नकोच. शिकण्यापुरतं ब्लेंडर ६६०० वर व्यवस्थित होतं.

प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोर बारा थ्रेड, डब्यातच कूलर येतो म्हणजे तो खर्च वाचला. बजेट ताणलं तर १२१००एफ वर ये, पण कार्ड कमी करू नको. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून भडकलेत म्हणून दुकानदार ८ ची एकच स्टिक गळ्यात मारतात, तू ८-८ च्या दोन घे, दोन स्टिक असल्या की दोन्ही रस्त्यांनी डेटा जातो आणि गेम कमी अडखळतो. तो जास्तीचा खर्च भरून काढायला लाइटवाला कॅबिनेट सोड, पुढून जाळी असलेला साधा घे.

सोल्डर_गन:
वरचं सगळं बरोबर आहे पण कुणी एसएमपीएसचं बोललं नाही म्हणून लिहितोय, मी सोलापूरचा आहे आणि हे माझ्यावर बेतलंय. माझ्या पहिल्या पीसीत कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस होता, वर ४५० वॅट छापलेलं. लाइट गेली, पाऊण तासाने आली, आणि सुतळी बॉम्ब उडावा तसा एकच आवाज. मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क गेली, आजीचे सगळे फोटो त्याच डिस्कवर होते, ते परत मिळाले नाहीत. मग तो डबा उघडून बघितला तर सर्किटवर फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली होती पण कॉइलच नव्हती, तिथे तारेचा तुकडा डकवलेला. लेबलवर १२ व्होल्टच्या लाइनसमोर १४ अँपिअर लिहिलेलं, म्हणजे १६८ वॅट झाले. आणि कार्ड, प्रोसेसर जगतात ते याच लाइनवर. आता तुझा हिशोब कर, ६६०० कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर ६५, इथेच १९७ झाले. त्यामुळे दुकानात वॅटचा मोठा आकडा बघू नको, बाजूचं लेबल वाच आणि ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझवाला (हा वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का आहे), पाच वर्षं वॉरंटीचा वेगळा विकत घे. हातात धरलास तरी वजनात फरक कळतो.

दुसरं, घर जुनं आहे का? अर्थिंग तपासून घे. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, चांगल्या एसएमपीएसमध्येही येतात, कारण त्याचा फिल्टर थोडा करंट अर्थिंगकडेच सोडतो आणि त्याला जायला वाट नसली की तो पत्र्यावर राहतो. आणि घरातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पीसी लावू नका, त्याला वेगळा यूपीएस घ्या, आत्ता नाही जमला तर दिवाळीला घ्या पण घ्या.

पंढरीची_लेक:
घर आजोबांच्या वेळचं आहे, उद्याच वायरमन बोलावते. दादा अजून एक, भावाच्या मित्राकडे आरएक्स ५८० आहे ८ जीबीचं, ६ हजारात देतोय. नव्या कार्डाचे एवढे पैसे वाचले तर यूपीएस आत्ताच येईल.

रात्रपाळी:
ताई मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात रोज असतो, तिथे ही ५८० ढिगाने आलीयेत, बरीचशी क्रिप्टोच्या मायनिंगला रात्रंदिवस चाललेली. स्क्रूवरचं स्टिकर फाटलंय का, पंखा हाताने हलवला तर डुगडुगतो का, कडेने तेलकट ओघळ आलाय का ते बघ. पण हे सगळं ठीक निघालं तरी मी नको म्हणेन. ते कार्ड बनवणाऱ्या एएमडीने २०२३ पासून त्या पिढीचे ड्रायव्हर वेगळे काढलेत, जेमतेम सिक्युरिटीपुरते अपडेट येतात, आणि ते कार्ड एकटंच १८५ वॅट खातं. चार वर्षं कॉलेज काढायचंय त्यावर. यूपीएस नंतर येतो, वॉरंटी नंतर येत नाही.

खरेदी पुण्यात केलीस तरी चालेल पण जीएसटीचं पक्कं बिल घे, प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर बिलावर लिहून घे, बिनबिलाचं १८ टक्के स्वस्त देतो म्हणतील, वॉरंटीला मग कुणी दारात उभं करत नाही. मदरबोर्ड बी४५० घेतलास तर खोक्यावर रायझन ५००० रेडी लिहिलंय का बघ, नाहीतर बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय चालूच होणार नाही. आणि भावाला सांग मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. ५६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, बोर्डाला लावली तर स्क्रीन काळीच राहते आणि लोक पीसी खराब निघाला म्हणून परत घेऊन येतात. पहिल्याच दिवशी बायोसमध्ये एक्सएमपी ही रॅमच्या स्पीडची सेटिंग पण चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी स्पीडवर पळत बसते.

पंढरीची_लेक:
वायरमन येऊन गेला. भावाच्या खोलीतल्या स्विचबोर्डात तीन पिनचं सॉकेट आहे पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती, भिंतीत कापून तशीच सोडून दिलेली. मागच्या अंगणात नवीन खड्डा घेऊन तार ओढायला दीड हजार म्हणतोय, हो म्हणून टाकलं. रविवारी आम्ही दोघं पुण्याला जातोय, यादी भावाने वहीत लिहून घेतलीये, एसएमपीएस सगळ्यात वर.