लेझरने विमानाला काय होतंय म्हणे!

लोहगावकर
काल एकाने इथे लिहिलं, "मिरवणुकीतला लेझर वर गेला तर विमानाला काय होतंय? सूर्य काय कमी प्रखर आहे?" राहवलं नाही. अहो, सूर्य दचकवत नाही. रात्री उतरताना कॉकपिटमधले दिवे मंद असतात, डोळे अंधाराला सरावलेले. पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात, घालवायला एक हिरवा झोत पुरतो. त्यात काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर तो फुटतो आणि अख्खी काच हिरवी होते. धावपट्टीचे दिवे गडप. शेवटचा किलोमीटर जेमतेम १५ सेकंदांचा, आणि डोळ्यासमोरचा डाग तेवढ्यात जात नाही.

पेठेतला_भाऊ
लेझरने आजवर एक तरी विमान पडलंय का? वर जाईपर्यंत झोत पसरतो, दम काय राहतो त्यात?

लोहगावकर
पसरतो हीच तर गोची! साध्या पॉइंटरचा ठिपका किलोमीटरवर मीटरभर रुंद होतो, नेमसुद्धा धरावा लागत नाही. डोळा जळत नाही, मान्य. पण ५ मिलीवॉटचा हिरवा पॉइंटर साडेतीनशे मीटरपर्यंत दिपवतो आणि साडेतीन किलोमीटरवरही लक्ष उडवतो. तुमच्या मंडळाचे लेझर वॉटमध्ये मोजतात, भाऊ. अमेरिकेत २०२३ मध्ये वैमानिकांनी अशा १३,३०४ तक्रारी केल्या. तिथे ५ वर्षं कैद होऊ शकते.

सुमा_ताई
लेझरचं राहू द्या, डीजेचं कोण बोलणार? आईची बायपास झालेली. मिरवणूक खालून गेली तेव्हा फडताळातल्या वाट्या वाजत होत्या. तिला मागच्या खोलीत नेऊन कानात कापूस घातला.

पेठेतला_भाऊ
आलं! दरवर्षी गणपतीच दिसतो. लग्नाच्या वरातीत काय सनई वाजते?

सुमा_ताई
वरात अर्ध्या तासात जाते. तुमचं मंडळ चौकात तीन तास नाचतं. आणि वर्गणीची पावती फाडायला येता तेव्हा "काकू, आजी कशा आहेत?"

पेठेतला_भाऊ
वर्गणी काढू नका हं. रक्तदान शिबिर कोण घेतं?

टिंगरेनगर_गच्ची
अरे, धागा विमानाचा आहे! आमच्या गच्चीवरून उतरत्या विमानाची चाकं दिसतात. गेल्या वर्षी शेजारचं पोरगं पॉइंटर रोखून बसलेलं. हिसकावला, तर बाप मलाच म्हणतो, "खेळणं आहे ते."

लोहगावकर
भाऊ, मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं.

पेठेतला_भाऊ
बरं बाबा, तुम्ही शहाणे. विमानाचं मला ठाऊक नाही. पण मिरवणुकीचं शूटिंग करताना झोत थेट मोबाइलवर आला, तेव्हापासून प्रत्येक फोटोत एक उभी जांभळी रेघ येते. दुकानदार म्हणाला, सेन्सर गेला. लेझर बंद ठेवू यंदा. डीजे राहणार.

सुमा_ताई
कॅमेरा गेला तेव्हा कळलं होय!