मॉस्को १९८०: शेवटच्या स्थानी राहिलेल्या आपल्या बास्केटबॉल संघाविषयी

प्रश्न (परभणी): मुरमाच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या कोर्टवर मी मुलींना बास्केटबॉल शिकवतो. मॉस्को ऑलिंपिकमध्ये आपला पुरुष संघ एकही सामना जिंकला नाही, मग त्याचे कौतुक कशासाठी, असे एका विद्यार्थिनीने विचारले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (लातूर): अनेक देशांच्या बहिष्कारामुळे आपल्याला जागा मिळाली आणि सातही सामने हरून आपण बारावे, म्हणजे शेवटचे आलो, हे तिला स्पष्ट सांगा. मात्र यजमान सोव्हिएत संघाने १२१ गुण केले, त्या सामन्यात आपल्या मुलांनीही ६५ गुण मिळवले. रेल्वे, सैन्यदल, पोलीस अशा खात्यांतील नोकरीच्या आधाराने आपल्याकडे हा खेळ जगत आला आहे, हे लक्षात घेतले तर मला तरी ते ६५ गुण मोलाचे वाटतात. ऑलिंपिकच्या बास्केटबॉलमध्ये आपण त्यानंतर पुन्हा पोहोचलेलो नाही.

उत्तर (नांदेड): सहमत. २०१४ साली वुहानमधील आशिया चषकात आपण चीनला त्यांच्याच भूमीवर ६५–५८ असे हरवले, तेही तिला अवश्य सांगा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. उद्या सरावाआधी दोन्ही गुणफलक फळ्यावर लिहितो.